आकडा

जेठातली रात्र. लश्करात भिंतीसुद्धा तापलेल्या.
खांबावर न्यूट्रल तुटला
आणि आमच्या बैठकीतला दिवा
लग्नघरासारखा पांढराफटक पेटला.
मी ओरडलो, "मेन पाडा!"
तेवढ्यात टेबलाखाली
कुणी बोट मोडावं तसा आवाज झाला.
एकच. मग करपल्याचा वास.
भदौरियांचा कूलर गेला, ते शिव्या देत गच्चीवर गेले.
आमचा कॉम्प्युटर गेला, आम्ही गप्प बसलो.

अकरा वर्षं मी मिलमध्ये वायरमन.
चारशे चाळीसचा माणूस.
डावा हात खिशात, पाय फळीवर,
तार तपासायची ती पालथ्या हातानं,
एवढ्यावर जगलो.
मिलची वीज तोडली त्या दुपारी
मोठी मोटार थांबायला चार मिनिटं लागली,
आम्ही विड्या ओढत तिच्याकडे बघत होतो.
म्हणून वाटलं,
हा पत्र्याचा डबा म्हणजे काय मोठं.

ऋजुता म्हणाली, बाबा, तुम्ही बॅटरी धरा.

स्क्रू तिनं चहाच्या बशीत ठेवले.
आत धूळ, पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि तारांचा झुबका.
"पिवळी बारा व्होल्ट. लाल पाच.
नारिंगी तीन पूर्णांक तीन."
तीन पूर्णांक तीन!
एवढी तर जिभेलाही कळायची नाही.
खांबावरून येते ती झुंडीनं;
इथं कुणी बसून
चमच्या-चमच्यानं वाढत होतं,
आजाऱ्याला पेज भरवावी तसं.
सहा वर्षं. खाटेपासून दोन हातांवर.

डबा उघडायला गेलो तर तिनं मनगट धरलं.
"बंद असला तरी आत वीज राहते."
हे मीच शिकवलंय तिला,
पंख्याचा कपॅसिटर दाखवून,
ती चौथीत होती.

मग तिनं केसांतला आकडा काढला.
मला आकडा ठाऊक तो तारेवर टाकायचा.
मिल बंद पडल्यावर अर्ध्या चाळीनं टाकला होता,
मीही.
ते तिला कधी सांगितलं नाही.
एक टोक हिरव्या तारेच्या भोकात,
दुसरं शेजारच्या काळ्या.
"पंखा फिरला तर जिवंत आहे."
आम्ही दोघं वाकलो.
नाही फिरला.
मी म्हटलं, टोकांचा रंग खरवड, रंगातून वीज जात नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलं, ब्लेड आणलं.
खरवडला. पुन्हा घातला.
नाहीच.

पाटणकर बाजारात जादौन म्हणाला,
"लोकल ले जाओ दादा, सात सौ में."
मी दोन्ही डबे दोन हातांत तोलले.
वीज दिसत नाही, पण तांब्याला वजन असतं.
जड तो घेतला. अठराशे गेले.
ऋजुता काही बोलली नाही,
पण परतताना टेंपोत डबा तिनं मांडीवर घेतला.

घरी जमिनीवर वर्तमानपत्र,
त्यावर तो एकटा, कशालाही न जोडलेला.
आकडा घातला.
पंखा फिरला,
वर्तमानपत्राचा कोपरा हलला,
आणि मी, चारशे चाळीसचा माणूस,
उगाच त्याच्यासमोर तळहात धरून बसलो.

एक स्क्रू उरला. तो अजून बशीत आहे.

पडदा उजळला. तिचं काम जिथल्या तिथं होतं:
बिजली कंपनीच्या ठेकेदाराचे तक्ते,
घर नंबर, मीटर, युनिट,
आणि शेवटच्या रकान्यात कुठं कुठं
तिनं टाइप केलेलं: चोरी, आकडा.
ओळीला चार रुपये मिळतात तिला.
मी गल्ल्यांची नावं वाचत गेलो.
बिर्लानगरची यादी खाली कुठंतरी असणार.

"बाबा, बॅटरी विझवा, सेल जातील."
विझवली.
तिनं न बघता केस गुंडाळले,
दातांत धरलेला आकडा, टोकं खरवडलेला,
खुपसला,
आणि पुढची ओळ टाइप करू लागली.