पिण्याजोगं पाणी

सातव्या दिवशी ठोकळा दाबला
तर काटा एकोणिसापर्यंत चढला.
फोनवर तुम्ही केवढ्यानं हसलात, सरसेनबाय आगा,
"बघ झियुवार, नळाच्या पाण्याच्या ठोकळ्यापेक्षा दोननं जास्त!
माझ्या विहिरीचं आहे ते."
मी काही बोलले नाही.
मिठाचं असंच असतं.
सुरुवातीला सिमेंटला हाताला धरून पळवतं,
दम कधी तुटेल ते सांगत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी पंचविसाची वाट बघत होते.
ठोकळा एकविसाला कण्हला
आणि कोपऱ्यातून उभा चिरला.

कुठंतरी पाणी मुरत होतं. म्हणून तुमची बाटली उघडली.
(नुकुसच्या प्रयोगशाळेत माझी बोटं कायम काळी,
चांदीच्या क्षाराचे डाग. सासूबाई त्या हातांची कणीक खात नाहीत.)
ब्युरेटची तोटी सोडली.
थेंबामागून थेंब,
खाली दूध नासावं तसं पांढरं.
विटकरी रंग यायला हवा होता केव्हाच.
बारा मिली. वीस. पस्तीस.
ब्युरेट रिकामी झाली, पुन्हा भरली.
मोयनाकचा समुद्र किनारा सोडून गेला
तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता,
आणि इथं माझ्या टेबलावर, एवढ्याशा काचेत,
तो संपता संपेना.

ठोकळ्यात सळई नसते, आगा.
शाळेच्या तुळईत आहे.
लोखंडाची जातच खाल्ल्या मिठाला जागणारी:
आतल्या आत फुगेल, तांबूस रडेल,
वरचं काँक्रीट खपलीसारखं सुटेल
पाच वर्षांनी, नाहीतर आठ,
भूगोलाच्या तासाला वगैरे.

हेच सांगायला आले होते.
तुम्ही आधी चहा मागवला.
दूध जरासं फाटलेलं, सुनेनं ते गाळून दिलं,
आणि मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं,
पहिल्या वर्षीच पाठ करून घेतलेलं:
जे पाणी पिता येतं ते काँक्रीटला चालतं.
"मग?" तुम्ही कप उचलून दाखवलात.
"आम्ही पितोच की. माझा बाप प्यायला. ही पिते."
सून गप्प होती.
तिच्या धाकट्याचा मूतखडा काढायला
उर्गेंचला नेलं होतं, सहा वर्षांचा असताना,
हे मागे तुम्हीच सांगितलेलं.

फॉर्मवर चौथा रकाना:
पाणी पिण्याजोगे आहे काय? होय / नाही.
पेन काढलं.
कप अर्धा होता.
तो ठेवून लिहावं की संपवून, एवढंच कळेना.
संपवला.
मग "नाही"वर खूण केली,
आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत
जणू मी तुमच्या घराचं नाव खोडलं.

गुरुवारी नुकुसहून टँकर आला,
फक्त काँक्रीटसाठी, तशी पावती होती माझ्याकडे.
ड्रायव्हरनं पाईप मिक्सरकडे ओढला
तोवर गल्लीतून बाया निघाल्या
किटल्या, कळशा, बाळाची आंघोळीची घमेली घेऊन.
कुणी काही मागत नव्हतं. नुसत्या उभ्या.
मी पावतीची घडी केली,
पाऊणशे लिटर कमी भरलं असं लिहून टाकलं.

तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात,
ओंजळ धरलीत, घोट घेतलात,
तोंडात खूप वेळ घोळवलात, 
गवंडी वाळू चिमटीत घोळवतो तसा.
"याला," तुम्ही म्हणालात, "चवच नाही."
आणि पुन्हा ओंजळ पुढं केलीत.