बाकाचं दार

मंगळवारी वॉर्साहून दोघं आले,
गळ्यात ओळखपत्रं, काखेत फाइल.
म्हणाले, आपल्याकडे गोलरक्षक का घडत नाहीत?
मी स्केटची पाती घासत होतो.
ठिणग्या उडत होत्या म्हणून ते जरा लांबच उभे राहिले.
बसा म्हटलं.
बसायला काही नव्हतं.

सानोकच्या या रिंकवर
पोरांसाठी गोलरक्षकाच्या पॅडचा एकच संच आहे.
डाव्या पायाचा पट्टा तुटला, तिथे बोझेनाबाईंनी
जुन्या दप्तराचा पट्टा शिवून दिलाय.
चौघं आलटून पालटून घालतात.
एकाचा घाम वाळायच्या आत दुसरा आत शिरतो.

चौघं कोण, तर
जो उशिरा आला तो.
ज्याला उलटं स्केटिंग जमत नाही तो.
जो जाडा आहे, "जाळं तरी भरेल" म्हणून.
आणि कायेतान, जो आपणहून हात वर करतो.
त्या एकालाच कोणी विचारलं नाही, का रे बाबा?

सरावात बावीस मारणारे, एक अडवणारा.
प्रशिक्षक फळ्यावर बाण काढतो,
सगळे बाण जाळ्याकडे जातात.
जाळ्यातून निघालेला बाण
मी पंचेचाळीस वर्षांत पाहिला नाही.

गोल बसला की कायेतान पाठ फिरवतो, पाणी पितो.
खांदा आधी पडला, की नजर मागून पोचली,
त्याला कोण सांगणार?
"अडव ना रे!" एवढंच.
मलाही एवढंच सांगितलं होतं,
बसच्या कारखान्याचा भोंगा अजून वाजायचा तेव्हा.
मी अडवायचो.
कसं, ते मलाही माहीत नव्हतं,
म्हणून पुढे कोणाला देता आलं नाही.

बायको ऑक्टोबरात कोबी चिरते,
मीठ लावून पिंपात दाबते, वर सान नदीतला गोटा.
आठवड्यात झाकण काढलंत तर नुसता कोबी, खारट, कच्चा.
नाताळपर्यंत ती हात लावू देत नाही कोणाला.
गोलरक्षक असाच मुरतो. सव्विशी, सत्ताविशी,
एखादा तर तिशीत.
आमची मंडळी एकोणिसाव्या वर्षी झाकण काढतात,
नाक मुरडतात,
आणि फिनलंडहून मुरलेला मागवतात.

मागवलेला वाईट नसतो हो.
गेल्या हिवाळ्यातला ओन्नी मोठा गुणी.
सांगायचा, त्याच्या गावात आठ वर्षांच्या पोरांनाही
गोलरक्षकांचा वेगळा मास्तर असतो, दर बुधवारी.
मला वाटलं थट्टा करतोय.
तो आत उभा, म्हणून आमचा ग्न्येव्को बाहेर.
अंगावर वीस किलोंचा सरंजाम,
आणि काम काय, तर बाकाचं दार उघडायचं,
गडी आत आले की लावायचं.
अडतीस सामने.
दाराची कडी बघा, कशी गुळगुळीत झालीय.
मेमध्ये तो नॉर्वेला मासे भरायला गेला.
फोनवर हसला, म्हणाला,
काका, इथेही दारच आहे, शीतगृहाचं, पण पगार बरा.

त्या दोघांनी लिहून घेतलं, "सुविधांचा अभाव".
अभावच म्हणा.
मी पुन्हा यंत्र सुरू केलं.

रात्री सगळे गेल्यावर कायेतान पॅड परत द्यायला आला.
मी म्हटलं, काढू नकोस.
बूट घालूनच बर्फावर उतरलो, गुडघा शिव्या देत होता.
बादलीतले दहा पक हातानेच सरकवले, हळू,
म्हाताऱ्याला जमतात तसे.
सात आत गेले.
आठव्याला म्हटलं, खांदा.
तो थांबला. मुखवटा वर केला.
"म्हणजे काय?"

म्हणजे काय, ते मला शब्दांत येईना.
मी त्याचा खांदा धरला,
आणि दोघंही तसेच उभे राहिलो थोडा वेळ.

उद्याच्या तेवीस जोड्या अजून घासायच्यात.