पाते उचलायची जागा

वेल्डन शहराची हद्द संपते
हातमोज्यांच्या बंद कारखान्यापाशी, रस्त्यातच.
तिथे काही नाही. एक गंजलेली पाटी,
आणि डांबराच्या रंगात जरासा फरक:
अलीकडचं शहराचं, पलीकडचं ऑर्मंड काउंटीचं.

हिवाळ्यात ऑर्विल टेटम शहराचा ट्रक घेऊन
बर्फ लोटत यायचा पाटीपर्यंत,
पाते उचलायचा, वळायचा, परत जायचा.
पलीकडचा बर्फ पलीकडच्यांचा.
त्यांचा ट्रक दुपारी यायचा, कधी दुसऱ्या दिवशी.
तोवर शाळेची बस शिवेवर उभी,
इंजिन चालू,
मुलं काचेच्या वाफेवर बोटांनी घोडे काढत.

मी नकाशा विभागात.
माझ्या पडद्यावर ती शीव म्हणजे
एक जांभळी तुटक रेघ.
एकोणीस वर्षं सांभाळली मी ती,
कुणाचं अंगण चिरलं जाऊ नये
म्हणून फूटभर इकडे, फूटभर तिकडे.
बांध कोरणाऱ्यांच्या मुलखातून आले मी,
रेघेची किंमत मला कुणी शिकवायला नको.

मग बॅटरीवाले आले. तीनशे चाळीस नोकऱ्या, म्हणाले.
जागा आवडली त्यांना: अर्धी आत, अर्धी बाहेर.
पाणी शहराचं, सांडपाणी काउंटीचं,
अग्निशमनाचे दोन साहेब,
जिना किती रुंद हवा यावरून
दोघांचं चार आठवडे वाजलं.
दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात.
हा पाहुणा दोन्हीकडे पोटभर जेवला,
दोन्हीकडच्या टोप्या घेऊन तिसऱ्याच गावी गेला.
उपाशी राहिली ती घरं.

त्या उन्हाळ्यात अंगणाअंगणांत फलक उगवले:
एक शहर, एक काउंटी, एक कारभार.
शेजारच्या अंगणात: नको.

चर्चच्या तळघरातल्या सभेत
लव्होनिया प्रुइट उठल्या.
पूर्व वॉर्डातलं केसांचं दुकान त्यांचं, आवाज खर्जातला.
"नऊ खुर्च्यांतल्या चार आमच्या लोकांच्या.
माझ्या आईनं कोर्टात अकरा वर्षं घातली त्यासाठी.
तुमच्या नव्या सभेत एकवीस खुर्च्या.
त्यांतल्या आमच्या किती,
ते आधी मोजा. मग वाढीचं बोला."
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

आकडा माझ्याकडे होता. मीच काढला होता.
पाच.
मला कुणी विचारलं नाही
आणि मी हात वर केला नाही.

तिसऱ्या खेपेला ठराव निघाला,
दोनशे अकरा मतांनी.

सोमवारी सकाळी मी ती रेघ निवडली, कळ दाबली.
खरंच काढून टाकायची? यंत्रानं विचारलं.
त्यानं तरी विचारलं.

दोन तिजोरी कचेऱ्यांची एक झाली,
विल्मा हॅस्केटला वेळेआधी निवृत्ती मिळाली,
तिचं नेच्याचं झाड माझ्या खिडकीत आलं.
कारखान्यात कुणी तरी मापं घेऊन गेलं म्हणे.
अर्ज एकच, खिडकी एकच,
रांग मात्र दोन रांगांएवढी.

नोव्हेंबरात मी कागद घेऊन
लव्होनियाबाईंच्या दुकानात गेले.
त्यांनी वाचला, घडी घातली,
आरशाच्या चौकटीत खोचला.
"माहीत होतं," म्हणाल्या.
"तुम्हालाही माहीत होतं, हे आज कळलं."
मग खुर्चीवरचे केस झटकले. "बसा."
मी बसले.

पहिला बर्फ पडला त्या पहाटे
मी बसच्या थांब्यापाशी गाडी उभी केली होती.
पाटी काढून झाली होती. तिथे दोन भोकं.
ऑर्विल आला, आणि नेमका तिथेच
त्यानं पाते उचललं.
थांबला. कॅबमध्ये त्याचे खांदे हलले,
हसला असावा किंवा शिवी हासडली असावी.
मग पाते टेकवून
खरवडत पुढे निघून गेला.

मागे हातभर पांढरी पट्टी राहिली, रस्त्याला आडवी.
बस आली आणि तिच्यावरून गेली.