पिंपावरची खूण

गावाचं नाव विक.
मराठी कानाला ती आज्ञाच वाटते,
आणि एके काळी इथे विकलंही सगळं:
हेरिंग, मीठ, मासे चिरणाऱ्या पोरींचे हात,
बोटांना गुंडाळलेल्या चिंध्यांसकट.

विल्हेल्मिना कॉर्मॅक, वय ब्याऐंशी, बिनलग्नाच्या.
त्यांच्या गुडघ्यांसाठी मी दर मंगळवारी जाते.
वडिलांनी मला मोडी शिकवली होती, हे बोलता बोलता निघालं.
"म्हणजे वाकडी अक्षरं तुला घाबरवत नाहीत.
मग आमचा हेक्टर शोध.
आजोबांचा आजोबा. नावाजलेला कूपर.
लिहिता-वाचता होता, असं आत्या सांगायची."

कूपर. लाकडी पिंपं घडवणारा.
आमच्याकडे सुतार आहे, लोहार, कासार, बुरूड,
याला मात्र शब्द नाही,
मासळी आम्ही वाळवली, पिंपात भरून समुद्रापार धाडली नाही.
ओकच्या फळ्या आगीवर शेकून वाकवायच्या,
खिळा नको, सरस नको,
गाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी कडी ठोकायची
आणि कान लावून ऐकायचं, कुठे पाझरतंय का.

वंशावळ खालून वर चढावी लागते.
मृत्यू, अठराशे अठ्ठ्याहत्तर: छाती. धंदा: मजूर.
सत्तरची पिंपं कुठे गेली, नोंद सांगत नाही.
त्याआधीच्या खानेसुमारीत कूपर, मुलं सहा.
त्याआधी कूपर, मुलं तीन, आडनाव कॉर्मिक.
त्याआधी कार्माक, वय पंधरा, शिकाऊ.
नाव तेच, लिहिणाऱ्याचा कान दर वेळी वेगळा.

बाप्तिस्म्याच्या पानावर बापाची जागा कोरी.
आई, जेनेट कॉर्मॅक.
चर्चच्या पंचांनी तिला तीन रविवार सगळ्यांसमोर उभी केली,
पुरुषाचं नाव सांग म्हणून.
तिने सांगितलं नाही.
कारकुनाने तेवढं वाक्य जरा दाबून लिहिलंय,
शाई मागच्या पानावर उतरलीय.

मी हे सांगितलं तेव्हा विल्हेल्मिनाबाई
खिडकीबाहेर बंदराकडे बघत होत्या.
"तीन रविवार," त्या म्हणाल्या. "आणि तोंड उघडलं नाही."
मग डावा गुडघा स्वतःच सरळ केला,
मी न सांगता.
म्हणजे हे आडनाव एका बाईचं होतं तर.

पुढचं सांगायचं मी दोन मंगळवार टाळलं.
मुलाच्या जन्माची नोंद, अठराशे पंचावन्न.
सही करायच्या जागी फुली.
शेजारी कारकुनाच्या अक्षरात: हेक्टर कॉर्मॅक, त्याची खूण.
लिहिता-वाचता नव्हता.
त्या काही बोलल्या नाहीत. चहा निवला.

निघताना दार अडकलं.
इथला वारा दारं आपटतो, म्हणून प्रत्येकाकडे काहीतरी जड असतं,
त्यांच्याकडे दांड्याचा एक लोखंडी तुकडा,
चार पिढ्या दारापाशी लोळलेला.
उचलला, तर बुडाशी अक्षरं. उलटी.
मोडी येते, पण हे मला वाचेना.

"लोण्यात दाब," त्या म्हणाल्या.
मी तो धुतला, पुसला,
फ्रीजमधल्या घट्ट लोण्यावर ठेवला आणि भार दिला.
एच. सी.
कडा अजून धारदार.

तापवून झाकणावर टेकवायचा, धूर, चर्र.
श्टेटीनला गेलेली, डान्झिगला गेलेली पिंपं,
हजारो वेळा त्याने नाव लिहिलं,
एकदाही वाचता न येता.
किंवा तेवढी दोन अक्षरं येतही असतील.
कागदावर कुणी विचारलं, तर फुली,
लाकडावर कुणी विचारत नाही.

विल्हेल्मिनाबाईंनी बराच वेळ ते लोणी जपलं,
म्हणजे साधारण दहा मिनिटं.
मग सुरी घेतली, सी-कडून सुरुवात केली,
आणि म्हणाल्या, "एच तुला. टोस्ट कर."