अंगठेबहाद्दर

आईच्या वतीनं मी फोनवर बोलायला लागले
तेव्हा माझे दुधाचे दातही पडले नव्हते.
"हॅलो, मी लोरेटा वोइतास बोलतेय,"
आणि पलीकडे गॅस कंपनीचा माणूस हसायचा.
आई समोर उभी, कोपरापर्यंत पीठ,
नजर माझ्या ओठांवर.

रॉचेस्टरमध्ये बहिरी माणसं पुष्कळ.
शुक्रवारी बोलिंगला जमली की इतके हात उडायचे,
नवख्याला वाटावं, मारामारी पेटली.
फोन मात्र आमच्या भिंतीवर
भाडेकरूसारखा राहायचा,
इतक्या वर्षांत आमची भाषा न शिकता.
तो वाजला की दिवा लुकलुकायचा, आणि मी धावायचे.

एक टंकयंत्र होतं, पावाच्या डब्याएवढं,
त्याच्या दोन कपांत रिसीव्हर झोपवायचा.
पण तसंच यंत्र पलीकडेही हवं.
बँकेकडे नव्हतं. घरमालकाकडे नव्हतं.
सरकारनं मध्ये बसवलेली एक बाई होती,
तिला लोक विक्रेती समजून फोन आपटायचे.
म्हणून मी.

नऊ वर्षांची होते. दवाखान्यातून फोन.
"आईला सांग, गाठ आहे, तपासावी लागेल."
"गाठ?" मी विचारलं.
मग रिसीव्हर ठेवला, आईकडे वळले
आणि हातांनी सांगितलं:
उद्या परत करतील, काही विशेष नाही.
ती रात्र मी एकटीनं काढली.
गाठ साधी निघाली.

आईची शाळा म्हणजे
गळ्यावर बोट, तोंडासमोर मेणबत्ती,
'प' म्हण, ज्योत हलली पाहिजे.
ज्योत हलायला सात वर्षं गेली.
वाचायला शिकवायचं तेवढं राहून गेलं.
तिच्या चिठ्ठीत क्रियापदं वाट चुकायची,
बाईंना ती देताना मी कानकोंडी व्हायचे.

मग मी तेरा वर्षांची असताना, जानेवारीत,
बेकरीतल्या रात्रपाळीच्या डेल्फीननं
आईला तो फोन घ्यायला लावला.
करडा, साबणाच्या वडीएवढा.
पडदा ढकलला की गर्रकन फिरायचा,
आणि खाली अख्खा कीबोर्ड,
डाळिंबाच्या दाण्यांसारखी अक्षरं.
उघडताना टक् व्हायचं.
ते टक् घरात मला एकटीलाच ऐकू यायचं.

सही येत नाही त्याला अंगठेबहाद्दर म्हणतात.
आमच्या आईनं त्या शब्दाला कामाला लावलं.
घरमालकाला अंगठा. बँकेला अंगठा.
स्पेलिंग चुकलेलं, क्रियापद वाट चुकलेलं,
तरी नळ दुरुस्त करणारा मंगळवारी आला.
मी दारात उभी.
मला कुणी काही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फाचं वादळ, वीज गेली.
अंधारात हातांची भाषा आंधळी होते,
अशा रात्री आम्ही नेहमी लवकर झोपायचो.
त्या रात्री आईच्या गोधडीखाली निळा उजेड होता
आणि ती हसत होती, मोठ्यानं,
किती मोठ्यानं ते तिला माहीत नव्हतं.
कशावर, ते मला माहीत नव्हतं.
पहिल्यांदाच.
मी भिंतीकडे तोंड करून पडले,
नोकरीवरून काढलेल्या माणसासारखी.

मे महिना. शाळेच्या लायब्ररीतला कॉम्प्युटर.
कोपऱ्यात छोटी खिडकी उघडली:

दूध संपलं. येताना आण.

मग बराच वेळ काही नाही.
तिकडे दोन अंगठे दाण्यांवर थांबलेले असणार.

दवाखाना फोन. तू नऊ.
मी माहीत तेव्हा.
तुझे ओठ, गाठ शब्द, मी बघितला.
तू लहान. तू लपव, मला दिसलं.
मी गप्प. रात्र सगळी तुझं दार उभी.

लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, घंटा झाली.
मी उत्तर लिहायला हात कीबोर्डवर ठेवले.
माझी दहाच्या दहा बोटं शाबूत होती.
एकही हलेना.