लाल चांदणी

आमच्या कंपनीच्या भिंतीवर लिहिलंय,
एकही ओळ कोड न लिहिता कुणीही ॲप बनवू शकतं.
त्या ‘कुणीही’ला भेटायला
मला निवतीला पाठवलं.

द्वारका कुबल. सुके बांगडे, गोलमो, खारवलेली मोरी.
अंगठ्यात मीठ इतकं मुरलेलं
की स्क्रीनला तिचा स्पर्शच कळेना.
तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकवला,
मग सरळ करंगळीने कामाला लागली.

‘नवीन टेबल तयार करा.’
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग पडवीतल्या टेबलाकडे, ज्याच्यावर वजनकाटा होता.
“आसा मगे एक. नवीन कशाक?”

‘दोन टेबलांमध्ये नातं जोडा.’
डावीकडे गिऱ्हाइकं, उजवीकडे उधारी.
तिने तांडेलांच्या नावावर बोट ठेवलं.
“नातां आसा. बोलणां नाय.”
मी लिहून घेतलं: शब्द बदलणे.
सहा वर्षांपूर्वी तो शब्द मीच निवडला होता,
त्यावर एक अख्खी बैठक झाली होती, चहासकट.

तिची वही शंभर पानी, कोपरे तेलकट.
आत नावं कमीच:
माडाखालची. धाकल्याची सासू. काळो शर्ट.
पूर्ण गोल म्हणजे फिटले,
अर्धा गोल म्हणजे अर्धे,
आणि एका ठिकाणी गोलाला मिशा,
त्याचं कारण तिने सांगितलं नाही.

मोबाइल क्रमांक. पुढे लाल चांदणी.
चांदणी म्हणजे हे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही,
मी समजावलं, थोड्या अभिमानानेच.
“तिका फोनच नाय, तर नंबर खंयसून हाडू?”
पण पुढे जाताच येत नाही, मी म्हटलं.

ती गेली पुढे.
रात्री एकटीने बसून बेचाळीस घरं भरली
आणि सकाळी, वाळत घातलेले बांगडे उलटताना,
तिच्या कमरेचा फोन वाजायला लागला. थांबेना.
प्रिय ग्राहक, आपली बाकी तीनशे चाळीस रुपये.
प्रिय ग्राहक, आपली बाकी ऐंशी रुपये.
बेचाळीस जणांपुढे तिने आपलाच नंबर घातला होता.
अख्ख्या वाडीचं देणं तिच्याकडेच मागत होतं आमचं ॲप,
अदबीने, एकेक करून.

बायका जमल्या. कुणी मोठ्याने वाचून दाखवायला लागलं,
हसून हसून एकीच्या टोपलीतली मासळी वाळूत सांडली.
एकोणतिसाव्या मेसेजला द्वारकेने फोन परत घेतला.
जनू खवणेकर. सहाशे दहा.

वहीत जनूपुढे गोल नव्हता.
पेनाने काढलेली एक लाट होती, पानाच्या काठापर्यंत गेलेली.
“पुनवेआदी होडी घातल्यान,” ती म्हणाली.
“होडी गावली.”

थोड्या वेळाने मी विचारलं, आणि पैसे?
“मागूचे नाय.”
मी ‘काढून टाका’वर बोट नेलं.
“पुसूचे पण नाय.”

माझ्याकडे दोनच पर्याय होते,
‘भरले’ आणि ‘भरले नाहीत’,
आणि खाली करड्या रंगातलं ते बटण,
जे विचारतं, कायमचे काढायचे ना? नक्की?

परत आल्यावर चांदणी काढायला एक दुपार लागली.
तिसऱ्या पर्यायाच्या नावाला अकरा दिवस.
कुणी म्हणालं, माफ.
कुणी म्हणालं, हिशेबात याला शब्द आहेच की, बुडीत.
मी त्यांना होडीचं सांगितलं नव्हतं.
उठून पाणी प्यायले.

शेवटी तिथे एक रिकामी चौकट ठेवली,
वर बारीक अक्षरांत: तुम्ही याला काय म्हणता?

द्वारकेने अजून काही लिहिलेलं नाही.
तिचा भाचा सांगत होता,
करंगळीने एक वाकडी रेघ ओढून पाहिली तिने, दोनदा.
चौकट रेघ घेत नाही,
फक्त अक्षरं घेते.
पुढच्या कामांच्या यादीत मी ते घातलंय,
सर्वात वर,
आणि त्याच्यापुढे एक लाल चांदणी.