पंचवीसचा कट्टा

मी बिडी ओढत नाही. बिडीवरचे कागद जमवतो.
हे वाक्य निपाणीच्या स्टँडवर उतरल्यापासून
साडेदहापर्यंत चार वेळा बोलून झालं,
आणि चारही वेळा समोरच्यानं आधी माझ्या बोटांकडे पाहिलं,
मग तोंडाकडे.

चिपळूणहून रात्रीची गाडी, कोल्हापुरात बदललेली.
पिशवीत अल्बम, चिमटा, भिंग
आणि यादी: दोन कंदील छाप, शिडी छाप निळ्या शाईतली,
जुनी विमान छाप, जिच्यात पंखा उलटा छापलाय म्हणतात.

तवनाप्पा चौगुल्यांच्या दुकानात शिरलो नि थेट विचारलं,
"लेबल कितीला?"
ते उदबत्ती फिरवत होते.
दुकानातला पोरगा माझ्याकडे बघत राहिला,
चपलेसकट देवघरात आल्यासारखा.
उदबत्ती खोचून झाली. गल्ल्याला लावलेला हात कपाळाला लागला.
मग म्हणाले, "या की."
म्हणजे आत्ता मी आलो.
एवढा वेळ आलोच नव्हतो.

त्यानंतर कान तिकडेच.
चिमूटभर जर्दा हुंगत एक गृहस्थ आले.
त्यांना "बर्री", मला "या की".
त्यांना "कुंदर्री", मला "बसा की".
तिकडे शेवटी री, इकडे शेवटी की.
हुकूमच तो, पण कड घासून दिलेली,
हाताला लागू नये म्हणून.
आमच्याकडे नुसतं "बसा" म्हणतात आणि विषय संपतो.

गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत तवनाप्पा गप्प.
पहिला शब्द ज्या भाषेत पडेल, त्या भाषेत तराजू.
एका बाईनं डाळ कन्नडात मागितली, उधारी मराठीत.
वहीतही तसंच उतरलं.

कागद मात्र मिळाला नाही.
"माल नसताना लेबल विकायचं म्हंजे
नवरा नसताना मुंडावळ्या विकल्यासारखं हो."
पत्ता दिला. मशिदीमागं, छापखानेवाल्या दस्तगीरची बायको.
"आणि हे बघा, मोजत असली तर बोलू नका."

खैरुनबी मोजत होती.
मांडीवर सूप, सतरा, अठरा.
दारात माझा खोकला घशातच राहिला.
पंचवीसला दोरा आवळला, दातानं तोडला,
तेव्हा मान वर.
"कोन?"

बिस्किटाचा डबा. मशीन विकलं गेलं, दस्तगीर गेला,
नमुने राहिले.
दोन कंदील. शिडी, निळी.
विमान, पण पंखा सरळच.
"उलटा कुटला? लोक काय पण सांगत्यात.
उलटा निघाला तर चुलीत घालायचे आमचे."
"ह्येचं करता काय?"
"बघतो."
"निस्तं?"
"निस्तं."
ती हसली नाही,
हे मला बऱ्याच वेळानं, कुंभार्ली घाटात लक्षात आलं.

अकरा निवडले. पैसे पुढे केले.
"हातात नगं. तंबाखूचा हात हाय. झाकणात ठेवा."
गेल्या साली कंपनीनं ओसाकाला धाडलं होतं,
तिथं गल्ल्यापाशी ताटली असते पैशांसाठी.
मी आठ दिवस हातातच देत राहिलो,
आणि ती पोरगी आठही दिवस नोट घेऊन
आधी ताटलीत ठेवायची, मग उचलायची.
एक शब्द नाही.
इथं निदान सांगितलं कुणी.

पुडी तिनंच बांधली, माझ्याकडे पाठ करून,
टेंभुर्णीच्या पानात, लाल दोऱ्यानं.
मी म्हटलं, बघू का? म्हणाली, घरी.

घरी सोडली, तर पंचवीस.
अकरा माझे.
चौदा कोरे, त्याच मापाचे, त्याच गुलाबी कागदाचे,
कधी छापलेच न गेलेले.
कमी कट्टा दाराबाहेर कसा जाणार?

तेही लावलेत. अल्बमात दोन पानं गेली.
येणारे विचारतात, हे कुठले छाप?
मी मोजत असलो तर
त्यांना थोडं उभं राहावं लागतं.